तीन वर्षं देऊन एक हॉलोवे

…नाही, पण मला एक सांगा, जिवंत राहणार असल्याचा दाखला कुणी मागतं का हो? मेल्याचा मागतात, ते मी समजू शकतो, मेलेल्या माणसाला त्याचा काही त्रास नसतो, पण 'सदरहू इसम अजून तीन वर्षं मरणार नाही' असा कागद? डॉक्टरच्या सहीचा? आणि मागणारा कोण, तर ऑरव्हिल! ज्याच्या डब्यातले सॉसेज मी गिरणीत वीस वर्षं चोरून खाल्ले आणि ज्याला अजून वाटतं की ते उंदीर खायचे, तो ऑरव्हिल! मला म्हणतो, "डेलमार, कागद आण, मगच व्यवहार." तुम्हाला सांगतो, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला असं तोंडावर विचारायचं म्हणजे… जाऊ दे. तक्रार नाही माझी. नुसतं सांगतोय.

आता तुम्ही म्हणाल, कसला व्यवहार? सांगतो. घाई करू नका, घाई करणाऱ्याचं काय होतं तेच तर सांगायचंय.

आम्ही आठ जण. सगळे कागदाच्या गिरणीतले, तीन नंबरच्या मशीनवरचे. एकतीस वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली, मशीन भंगारात निघालं, आणि त्या मशीनचं एक पितळी चाक, वाफेच्या झडपेचं, चांगलं परातीएवढं, ते भंगारवाल्याच्या ट्रकमधून खाली पडलं. आम्ही तिघं जण ट्रकवर चढून ओढत होतो तेव्हा पडलं, पण पडलं. मग त्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ, हाताला काम नाही, बायका घरात बसू देईनात, अशा वेळी आम्ही हा खेळ काढला. प्रत्येकाचा एक फुटबॉलचा संघ, आमचा अमेरिकी, हातानं फेकायचा फुटबॉल. कुठे? वहीत! खरे खेळाडू रविवारी टीव्हीवर धावतात, आपटतात, बरगड्या मोडून घेतात, आणि ज्याच्या वहीत ज्याचं नाव त्याला त्याचे गुण. मेहनत त्यांची, गुण आमचे. ज्याचे गुण सगळ्यांत जास्त त्याच्या घरी वर्षभर चाक. दर मे महिन्यात कॉलेजातून नवी पोरं येतात, ती आम्ही वहीत नंबरानं उचलतो, दर साली एकेकाचा एकच नंबर. गेल्या साली जो तळाला, त्याचा पहिला नंबर, म्हणजे त्यानं सगळ्यांत चांगला गडी आधी उचलायचा. आणि हे नंबर देता-घेता येतात. यंदाचा द्या, पुढच्या सालचा द्या, त्याच्या पुढच्या सालचा द्या, बदल्यात तयार खेळाडू घ्या. मोठ्या संघांचंही असंच चालतं, फक्त ते कोट घालून करतात.

तर, एकतीस वर्षं. सगळ्यांच्या घरी चाक जाऊन आलं. ऑरव्हिलकडे सात वेळा! क्लॅरन्सकडे चार वेळा, बर्नार्डकडे पाच. माझ्याकडे? माझ्याकडे बैठकीच्या खोलीत एक खिळा आहे. पहिल्याच वर्षी मोठ्या आशेनं ठोकला होता. आर्डिस, म्हणजे आमची बायको, दर हिवाळ्यात म्हणते, "एक तर चाक आण, नाही तर खिळा काढ, माझा स्वेटर अडकतो." एकतीस वर्षांत पाच स्वेटर उसवले. तक्रार नाही माझी. नुसतं सांगतोय.

आणि मग मला तो दिसला.

डिसेंबरची दुपार. बाहेर सगळं पांढरं, खिडकीतून ते थंड, दुधासारखं ऊन आत आलेलं, मी सोफ्यावर, पोटात गरम सूप, अंगावर घोंगडी, आणि टीव्हीवर हा पोरगा, एमरी हॉलोवे. सव्वीस वर्षांचा. क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हाती चेंडू येतो आणि समोरून चार-पाच गाडीभर मांस त्याला चिरडायला धावतं, तो. बाकीचे क्वार्टरबॅक काय करतात? ओरडतात, पळतात, घाबरतात. हा उभा. नुसता उभा! जसा कुणी तळ्याकाठी उभा असतो, काही आठवत. आणि मग त्यानं हात उचलला आणि चेंडू सोडला… आणि काय सांगू तुम्हाला, तो चेंडू वर गेला तो गेलाच, फिरतोय, हळूहळू, ऊन त्याच्यावर चमकतंय, सगळं मैदान माना वर करून बघतंय, आणि मी बघता बघता झोपलो! खरंच झोपलो. स्वप्नातही तो चेंडू हवेतच. आमच्या गावावरून चालला होता, गिरणीच्या धुराड्यावरून, नदीवरून, माझी आई खाली कपडे वाळत घालत होती तिनंही वर पाहिलं… आणि जाग आली तेव्हा तो चेंडू खाली येत होता. ज्याच्यासाठी फेकला होता त्याच गड्याच्या हातात. आर्डिस म्हणते, "तो दुसरा चेंडू होता, तू पाऊण तास घोरत होतास." असेल. तिनं पाहिलेला दुसरा असेल.

पण त्या दिवसापासून माझं ठरलं. हा पोरगा माझ्या वहीत हवा.

आणि तो होता कुणाकडे? बर्नार्डकडे! बर्नार्ड म्हणजे आमच्यातलं पोर. सहासष्टच वर्षांचा. शुक्रवारी आम्ही सगळे तळलेले मासे खायला क्लबात जमतो, मे उजाडला तसा तिथं मी त्याला गाठला. राय धान्याचा काळा पाव, कोबीची कोशिंबीर, ब्रँडीचा पेला, सगळं त्याच्यापुढं सरकवलं.

"काय हवंय?" तो म्हणाला. ओळखून आहे मेला.

"हॉलोवे."

"तीन सालांचे नंबर," तो म्हणाला. "यंदाचा, पुढचा आणि त्याच्या पुढचा." आणि माशाचा काटा काढत बसला. जणू मीठ मागितलं!

आता इथं तुम्हाला ऑरव्हिलच्या तागडीचं सांगायला हवं. ऑरव्हिल गिरणीत भांडारात होता, तिथली तागडी आणि वायसरांची एक बरणी त्यानं घरी आणलीय. कुठलाही व्यवहार असला की तो तागडी मांडतो. यंदाचा नंबर म्हणजे तीस वायसर. पुढच्या सालचा वीस. त्याच्या पुढचा तेरा. का? तर ऑरव्हिल बोट वर करून सांगतो, "भविष्य गंजतं, डेलमार. दर साली तिसरा हिस्सा गंजतो. पुढच्या सालचा नंबर कोणता येईल माहीत नाही, त्या नंबरावर कोण मिळेल माहीत नाही, मिळालेला पोरगा खेळेल की गुडघा धरून बसेल माहीत नाही." आणि क्वार्टरबॅक? चांगला, तरुण, तयार? साठ वायसर! कारण तो असला की बाकीचे दगडगोटेसुद्धा खेळाडू वाटतात आणि तो नसला की खेळाडूसुद्धा दगडगोटे. तर एका पारड्यात हॉलोवेचे साठ, दुसऱ्यात माझे तीस, वीस, तेरा. त्रेसष्ट. तागडी जवळजवळ सरळ! वर बर्नार्डला आर्डिसच्या खारवलेल्या काकडीच्या सहा बरण्या हव्या होत्या, पण ते व्यवहाराबाहेरचं.

सगळे म्हणाले, बरोबरीचा आहे. आणि मी मनात म्हटलं, बरोबरीचा? अरे गाढवांनो, फुकट आहे! विचार करा. दोन सालांनंतरचा नंबर तुमच्यासाठी तेरा वायसर. माझ्यासाठी? माझं वय ब्याऐंशी! माझे वडील सत्तरीत गेले, भाऊ एकाहत्तरीत. मी तर वर सवलतीत फिरतोय! दोन सालांनी मी कुठं असणार, चर्चमागच्या उतारावर, आडवा, डोक्याशी आर्डिसनं लावलेलं जिरेनियम. मला कशाला नंबर? मोठमोठे संघ तरी दुसरं काय करतात? ज्या मॅनेजरची खुर्ची डुगडुगायला लागते तोच पुढच्या तीन सालांचे नंबर उचलून एका फेकणाऱ्यावर उधळतो. ते नंबर असतात कुणाचे? त्याच्या जागी जो येणार त्याचे! जो राहणार असतो तो हात आखडतो, जो जाणार असतो तो सढळ. तर मी सढळ झालो. सही करायला पेन उचललं…

"थांब," ऑरव्हिल म्हणाला. "क्लॅरन्सचा नियम."

झालं. हा नियम मी विसरलोच होतो. आमचा क्लॅरन्स, देव त्याला सुखी ठेवो, त्यानं सहा वर्षांपूर्वी हेच केलं. चार सालांचे नंबर देऊन टाकले, चाक जिंकलं, आणि पुढच्या वसंतात होडीत बसल्या बसल्या गेला. हातात गळ, तोंडावर हसू. संघ आला बायकोकडे, लाव्हर्नकडे. रिकामा! चार वर्षं ती बाई दर मे महिन्यात बटाट्याची कोशिंबीर घेऊन यायची, बसायची, बाकीचे नवी पोरं उचलायचे, ती वाढायची. म्हणून मग नियम झाला: पंचाहत्तरीच्या वरच्यानं जितक्या वर्षांचे नंबर द्यायचे तितकी वर्षं तो जगेल असं डॉक्टरचं पत्र आणायचं. आपण दिलेलं आपणच भोगायचं.

"आणि पत्र खरं हवं," ऑरव्हिल म्हणाला. "तू स्वतः लिहिलेलं नको." का म्हणाला? कारण एका साली एक गडी स्वस्तात मिळावा म्हणून मी महिनाभर काठी घेऊन फिरलो, खोकलो, आणि मरणाच्या दारात आहे असं भासवलं. ऑरव्हिल रडला होता. रडताना त्याच्या भुवया हलतात, बघण्यासारखं असतं. तर त्याचा तो राग.

मग काय करतो! गेलो. आमच्या डॉक्टरीणबाई माय शिआँग, लाओसकडून इथं आलेल्या ह्मोंग लोकांची पोर, हिचे आईवडील शनिवारच्या बाजारात भाजी विकायचे, ती एवढीशी असताना मी तिच्या टोपलीत प्लॅस्टिकचा बेडूक टाकायचो. आता तिनं माझ्या छातीला ते थंडगार लावलं आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"काय?" मी म्हणालो. "गेलं का?"

"आजोबा," ती म्हणाली, "हे तर पन्नाशीतलं हृदय आहे. तुम्ही खाता काय?"

"ऑरव्हिलचं डोकं."

रक्त काढलं, त्या फिरत्या पट्ट्यावर पळवलं, कानात बघितलं. शेवटी म्हणाली, "तीन वर्षं? मी दहा लिहू का?"

"नको!" मी ओरडलोच. "तीन! तीनच!"

तिनं लिहिलं. सही केली. मग पेन खाली ठेवून हळूच विचारते, "पण आजोबा, हॉलोवेला तीन सालांचे नंबर म्हणजे जरा जास्तच नाही का झाले?" बघा! आमच्या जिल्ह्यात हृदय तपासणारेसुद्धा असे! बाहेर बसलेली नर्ससुद्धा म्हणाली, दोन पुरे होते.

आता खरी गंमत ऐका. मी पत्र घेऊन निघालो, आणि तळ्याच्या वळणावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, इतका की मी गाडी थांबवली. अहो, हे पत्र नसेल तर व्यवहार होत नाही. आणि हे पत्र असेल तर व्यवहार करण्यात अर्थ नाही! मी मरणार म्हणून ते नंबर मला फुकट होते. आता मी जगणार! लेखी! म्हणजे ते त्रेसष्टच्या त्रेसष्ट वायसर परत जड झाले, एकेक करून, माझ्या छातीवर. आठवीत शाळा सोडलेला मी, पण एवढं गणित मलाही समजलं. शहाण्या माणसानं तिथूनच गाडी वळवावी, घरी जावं, खिळा काढावा.

बसलो तसाच. मे महिना होता, तळ्यावर धुकं, पाण्याचा रंग नाही आभाळाचा रंग नाही, सगळं एकच. पांढरे पेलिकन येतात तेव्हा, मोठाले, ते पाण्यावर उतरत होते… पण उतरतच नव्हते हो, नुसते तरंगत होते, पंख पसरून, जसं काही खाली यायची कुणाला गरजच नाही. आणि मला तो चेंडू आठवला. वर चाललेला. मी म्हटलं, डेलमार, तीन वर्षं शहाण्यासारखा जगून तू करणार काय? तिसऱ्या सालच्या तेरा वायसरांना मिठी मारून बसणार? एकदा, एकदाच तो पोरगा माझा म्हणून बघायचा. रविवारी दुपारी. घोंगडी घेऊन.

तक्रार नाही माझी. स्वतः गाडी चालवत गेलो, स्वतः सही केली.

सही करताना लाव्हर्न शेजारी होती. म्हणाली, "डेलमार, क्लॅरन्सचं बरं झालं, तो सुटला. तू जगलास तर?"

"बघू," मी म्हणालो.

"मी बघितलंय," ती म्हणाली, आणि कोशिंबीर ढवळायला लागली.

आणि मग, तुम्हाला सांगतो, सात रविवार! सात! असे रविवार मी लग्नाच्या वर्षीही पाहिले नव्हते, आर्डिसला सांगू नका. सप्टेंबरचं ऊन, झाडं पिवळी व्हायला लागलेली, मी सोफ्यावर, आणि हॉलोवे फेकतोय. फेकतोय म्हणजे काय… सोडून देतोय, आणि चेंडू आपला आपण जातोय, त्याला वाट माहीत असल्यासारखा. मी अर्धा जागा अर्धा झोपेत, आणि दोन्हीकडे तेच चाललेलं. सात आठवडे, सात विजय! माझा संघ पहिला! ऑरव्हिल फोन उचलेना. बर्नार्ड क्लबात मान खाली घालून मासे खायचा, मी त्याच्या ताटलीत मुद्दाम काकडी ठेवायचो. आर्डिसनं तर एकदा तो खिळा पुसला! मी पाहिलं, फडक्यानं, हळूच.

आठव्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, आर्डिस स्वयंपाकघरातून म्हणाली, "डेलमार, तुझा तो मुलगा टीव्हीवर आलाय. चांगला कोट घातलाय."

मी म्हटलं, बक्षीस मिळालं असेल. गेलो. बघतो तर हॉलोवे, समोर माइकांचं झुडूप, आणि तो तसाच, तळ्याकाठी उभा असल्यासारखा. आणि म्हणतो, "चेंडू हातातून सुटल्यावर जो एक क्षण शांत असतो ना, तेवढाच मला आवडायचा. बाकी सगळ्याचा कंटाळा आलाय. मी थांबतोय." कुणी विचारलं, दुखापत झालीय का? नाही. भांडण झालं का? नाही. मग करणार काय? त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "दुपारी झोपणार."

सत्तावीस वर्षांचा! अंगावर ओरखडा नाही! मी ब्याऐंशीचा, मला पट्ट्यावर पळवला, रक्त काढलं, कानात बघितलं, आणि त्या पोराला कुणी विचारलं होतं का, बाबा तू तीन वर्षं टिकशील का, आण कागद? मी बर्नार्डला फोन केला.

"बर्नार्ड, ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"डेल," तो म्हणाला, तोंडात काहीतरी कुरकुरत होतं, माझ्याच बायकोची काकडी असणार, "व्यवहार झालेला आहे."

आणि राग म्हणाल तर… येईना हो. तेच तर वाईट! शिव्या द्यायला बसलो की तो मुलगा कुठंतरी खिडकीपाशी, उन्हात, घोंगडी घेऊन झोपलेला दिसायचा, आणि मला जांभई यायची. दुपारी झोपावंसं वाटणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? पण बाकीचे नऊच्या नऊ रविवार माझा संघ असा आपटला की विचारू नका. दगडगोटे! तळाला गेलो. चाक कुणाकडे गेलं? लाव्हर्नकडे! चार वर्षं रिकाम्या हातानं वाढणारी बाई, दोनच सालांत नव्यानं संघ बांधला आणि घेऊन गेली, एप्रनमध्ये गुंडाळून.

आणि या मे महिन्यात निवड झाली. मी तळाला, म्हणजे सगळ्यांत पहिला नंबर माझा. म्हणजे बर्नार्डचा! त्यानं असा एक धावणारा उचलला की डोळ्यांत पाणी आलं. मी बसलो होतो. कुणी मला काही विचारेना. इतक्यात लाव्हर्ननं माझ्यापुढं बटाट्याची टोपली ठेवली आणि सुरी दिली.

"सोल," म्हणाली. "वेळ जातो."

सोलले. अकरा पौंड. तक्रार नाही माझी. नुसतं सांगतोय.

आता तुम्ही म्हणाल, डेलमार, मग पुढं काय? तर पुढच्या साली माझा नंबर नाही. त्याच्या पुढच्या मेमध्ये आहे! मी तेव्हा पंच्याऐंशीचा. आणि माझा संघ इतका टाकाऊ आहे की तो अख्ख्या निवडीतला पहिला नंबर असणार, ह्यात ऑरव्हिललाही शंका नाही. तेरा वायसर, वीस वायसर काही नाही, ताजा, बिनगंजाचा, माझा नंबर! म्हणून आता मी सकाळी तळ्याला फेरी मारतो. बर्फावर काठी घेऊन चालतो, खरी काठी. बेकन सोडलं. जिन्याला कठडा लावला. आणि पोरगासुद्धा बघून ठेवलाय, आयोवातल्या एका कॉलेजात, अठरा वर्षांचा, शेतकऱ्याचा मुलगा, कान मोठे. दर शनिवारी दुपारी मी घोंगडी घेऊन त्याला बघायला बसतो. उभा छान राहतो हो! तळ्याकाठी उभा असल्यासारखा. गेल्या शनिवारी त्यानं नऊ चेंडू फेकले, चार समोरच्या संघाला नेमके हातात दिले, एक पंचाला लागला, आणि एक अजून सापडलेला नाही.

आता ह्याच्यासाठी जगायचंय मला!